कपाट क्रमांक चार

तळाच्या कप्प्यातले गठ्ठे गच्चीवर वाळत घातले
तेव्हा कृष्णा उतरून आठ दिवस झाले होते.
सांगलीत प्रत्येक गच्चीवर काही ना काही पसरलेलं:
गाद्या, सातबारे, लग्नांचे अल्बम, अडत्यांच्या वह्या.
आमच्या गच्चीवर समाजशास्त्र विभाग,
दर पाचपन्नास पानांवर एकेक विटेचा तुकडा.

पहिला गठ्ठा बासष्ट सालचा.
ताटके सर एसटीच्या टपावर सायकल टाकून
आटपाडीपलीकडच्या आमच्या गावी आले होते,
मरीआईचा गाडा शिवेपार ढकलतात ते बघायला.
उभं, शिस्तीचं, टाकाचं अक्षर.
गाड्याची लांबी. रुंदी. चाकं दोन.
नारळ एकशे बारा, कोंबडी नऊ.
आणि समासात लाल शाईनं:
‘शाळा व पंप आल्यावर पंचवीस वर्षांत देवी जाईल.’
पटकी गेली, हे खरं.

सत्त्याऐंशीला महाबळ बाई आल्या, दोन दाढीवाले विद्यार्थी घेऊन.
शाळा होती. पंप होता.
पंपाला कुंकू लावलेलं होतं.
बाईंनी चाकं मोजली नाहीत. विचारलं,
ढकलतं कोण, आणि मागं सावलीत थांबतं कोण,
परत येताना गावात आधी कोण शिरतं,
आणि कुणी वेशीबाहेरच बसून राहायचं, दिवस मावळेपर्यंत.
शेवटची चार पानं रागानं लिहिलीत,
बॉलपेननं कागद फाटलाय.
एम.ए.ला असताना ती पानं मला पाठ होती.

दोन्ही गठ्ठ्यांत एक माणूस तोच.
उत्तरदाता क्रमांक सदतीस, नामू सिदू होलार, सनई.
बासष्टला: ‘वाजवतो. कारण सांगता येत नाही.’
सत्त्याऐंशीला: ‘वाजवतो. शोषणाची जाणीव नाही.’

माझा थोरला चुलता.
जाणीव नाही!
वाजवायला निघताना अण्णा सनईची पत्ती ओठांत भिजवत
पाटलाच्या चौकटीला अशा शिव्या घालायचा
की आई आम्हा पोरींचे कान दाबून धरायची.
पण त्या घरात.
प्रश्नावली चावडीत भरली होती.

माझा गठ्ठा नाहीच, फोनमध्ये सात तास आहेत.
आम्ही आता मानता का असं विचारत नाही.
कसं वाटतं, विचारतो.
संशोधकानं आधी स्वतःची जागा सांगावी, असं परिसंवादात ठरलंय,
म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकली:
गाड्यामागं, डावीकडं, फ्रॉकमध्ये,
सनईवाल्याच्या धोतराचा सोगा मुठीत.

अण्णा एक्क्याऐंशीचा. ऐकू कमी येतं.
दोनदा ओरडून विचारलं, वाजवताना कसं वाटायचं?
तो बराच वेळ फोनकडं बघत राहिला.
“शिव आली की थांबायचं,” म्हणाला.
“फुडचं गाव त्येचं त्ये वाजीवतंय.”
मग पान जुळवत, माझ्याकडं न बघता:
“त्या सायकलवाल्यानं आमच्यात च्या घेतला न्हाई.
बाईनं घेतला. दोन कप.
त्ये लिवलंय का कुटं?”

शोधलं. नाही.
त्याचा आवाज मात्र तिथं तुटतो,
कारण बॅटरी संपली, किंवा मीच बंद केला असेल.

पुराला प्रश्नांचं काही करता आलं नाही, ते छापलेले होते.
उत्तरं तेवढी टाकाची.
‘धर्म’ या रकान्यातली निळाई रेघ ओलांडून ‘व्यवसाया’त गेलीय,
तिथून ‘अपत्ये’त, खाली जाता जाता फिकट.
सदतिसावा कागद मधल्या थरात होता म्हणून वाचला.

शिपाई तांबोळीमामा जिन्यातून विचारतात,
मॅडम, वाळलं असेल, आत घेऊ का?
मी त्या निळ्या डागावर बोट टेकवून बघते.
अजून लागतोय.